पाणमांजराची पुष्टी

१९ डिसेंबर २०२५, शुक्रवार. येळवस

निलंगा रस्त्यावरच्या ———— तलावात आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी पाणमांजर दिसलं. पुष्टी नाही. पाहणारा मी एकटा.

(तलावाचं नाव मागाहून खोडलं आहे. कारण पुढं आलं आहे.)

डायरीतही बातमीच लिहिली जाते. लातूरच्या दैनिकात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस जिल्हा पानाच्या टेबलावर. पहिल्या ओळीत काय झालं, दुसरीत कुणी सांगितलं. सांगणारा एकच असेल तर मजकूर थांबवायचा, दुसरा मिळाला की सोडायचा. माझी बातमी कधी खोटी निघाली नाही ती यामुळेच.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं लातूर शेतात असतं. ज्याचं शेत आहे तो जातो, ज्याचं नाही त्याला कुणीतरी बोलावतं. सकाळी सहाला स्कूटर काढली तेव्हा गंजगोलाईच्या बाजारपेठेत चिटपाखरू नव्हतं. दरवर्षी आम्हाला तीन-चार ठिकाणची आमंत्रणं असायची. ती सगळी महानंदाच्या ओळखीची होती, हे यंदा कळलं. ती नांदेडला ऋतुजाकडं आहे. लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती नातवापायी अडकली.

तलावावर माणूस नव्हता. पलीकडच्या काठाला एक म्हातारी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होती, तेवढीच. हळदी-कुंकू बदकं एकतीस, शेकाट्या नऊ, चक्रवाकांची एक जोडी. मी नोंदी करत होतो. बांधाच्या दगडी पिचिंगच्या कडेनं काहीतरी पोहत आलं. पाण्याबाहेर फक्त मान. पाणकावळा म्हणून एक आकडा वाढवणार होतो. मग त्याला चोच दिसेना. डोकं चपटं, तोंडाला मिशा. ते बुडालं आणि सगळ्यात शेवटी शेपूट वर आली, जाड, मुळाशी मनगटाएवढी. थोड्या वेळानं पाचसहा हातांवरच्या खडकावर चढलं. पुढच्या दोन पायांत मासा धरलेला. डोक्याकडून खायला सुरुवात केली, आपण काकडी खातो तशी. कडाकडा आवाज येत होता.

चार मिनिटं. दुर्बीण डोळ्याला होती, मोबाइल खिशात. मोबाइल काढला तेव्हा खडक ओला होता आणि बाकी पाणी.

वळून म्हटलं, "बघितलंस?" मागं कुणी नव्हतं.

म्हातारीला हात केला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग जाळ्याकडं पाहिलं आणि तराफा लांब नेला.

घरी येऊन खिचडी केली. पक्षी गटाच्या ग्रुपवर रीतसर मजकूर टाकला: तलावाचं नाव, वेळ, कोणती बाजू, सांडव्यापासून किती पावलं. एकशे चाळीस सभासद आहेत.

२० डिसेंबर

ग्रुपवर चेष्टा चालू आहे. गटाचे प्रमुख सोमेश, दाताचे डॉक्टर. पोरगा चांगला आहे, बोलतोही आदरानं. त्यानं पहिला प्रश्न टाकला, "काका, फोटो?" मी पाण्याचा फोटो टाकला. तो म्हणाला, "पाणी छान आलंय काका."

मग इतर. "मुंगूस पोहत असेल." "काकांच्या चष्म्याचा नंबर बघा कुणीतरी." एकानं लिहिलं, "येळवशीची आंबील जरा जास्तच आंबलेली दिसते." त्याला बावीस हसरे चेहरे. आंबील मी प्यायलोच नाही हे लिहायला घेतलं आणि खोडलं.

सोमेशनं शेवटी लिहिलं, "काका, आपल्या भागात तशी नोंद नाही. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर घेतली असती. नियम तुम्हीच घालून दिलाय."

खरं आहे. दोन हजार अठरात मीच घालून दिला.

२१ डिसेंबर, रविवार

महानंदाचा फोन. नातू आता दार धरून उभा राहतो. ऋतुजाची रात्रपाळी चालू आहे, जावई पुण्याला.

"येळवशीला काय खाल्लं?"

"खिचडी."

"शाळेतल्या शिल्पामॅडमनी येळवशीची भज्जी पाठवली नाही?"

"तू नाहीस म्हटल्यावर कशाला पाठवतील?"

ती मग म्हणाली, "थंडी आहे का तिकडं?" मी म्हटलं, आहे. तलावाचं मी काढलं नाही. तीही ग्रुपवर आहे, तिनं वाचलं असणार. तिनंही काढलं नाही. सिलिंडर कधी लावला ते विचारलं आणि फोन ठेवला.

का सांगितलं नाही, हे लिहायला बसलो आहे आणि सुचत नाही.

२४ डिसेंबर

दोनदा जाऊन आलो, सोमवारी आणि आज. काही नाही. म्हातारी होती, पण मी काठानं पुढं सरकलो की तिचा तराफा तेवढाच मागं.

दुपारी कपाट उपसलं. महानंदाची पक्ष्यांची वही शोधत होतो. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. आम्ही दोघं जायचो तेव्हा नोंदी तीच करायची. अक्षर शाळामास्तरणीचं, टपोरं. दुर्बीण एकच होती आणि ती माझ्या गळ्यात असायची, म्हणून मी बघायचो, सांगायचो आणि ती लिहायची.

वही सापडली नाही. तिची शाल आहे, गुडघ्याचा पट्टा आहे, स्वेटरसुद्धा इथंच आहे. तीन महिन्यांसाठी म्हणून गेलेली बाई स्वेटर ठेवून वही घेऊन जाते, याचा अर्थ लागत नाही. नातवाला चित्रं दाखवायला नेली असेल. पण तिच्यात चित्रं नव्हती.

वही कशासाठी हवी होती ते लिहूनच टाकतो. जानेवारी बावीसमध्ये याच तलावावर आम्ही दोघं होतो. मी पाठ करून थर्मासमधला चहा ओतत होतो. ती ओरडली, "अहो, बघा बघा, पाण्यात कुत्रं!" मी वळलो तेव्हा नुसत्या लाटा. तिचं माहेर देगलूरकडचं. तिकडं नदीत असं जनावर असतं, आजीनं दाखवलं होतं, असं ती सांगत होती. तिनं वहीत लिहिलं: पाण्यात लांब शेपटीचं जनावर, मान वर, दोनदा दिसलं. रात्री मी ग्रुपसाठी यादी तयार करताना त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "एकच साक्षीदार. वगळा."

तिनं वही घेतली, बघितली, मिटली. त्या दिवशी ती जेवली नाही. गुडघा दुखत असेल असं मला वाटलं होतं.

त्यानंतर ती तलावावर आलेली मला आठवत नाही. आली असेल एखादवेळी.

२८ डिसेंबर, रविवार

पाणमांजर आहे. पुष्टी: गुणाबाई, भोई, वय सत्तरीच्या पुढं. तराफ्यावरची म्हातारी.

आज मी दुर्बीण स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि काठावर नुसता बसलो. तासाभरानं ती आपण होऊन आली. तराफा खडकाला लावला आणि म्हणाली, "ओ पाखरंवाले, आज नळी न्हाई आणली?"

"आणली आहे. काढली नाही."

"त्या दिशी तुमी हात केला, म्या बघितलं."

"मग बोलल्या का नाही?"

"काय बोलू? मला वाटलं, झालं, शेरातल्या माणसाला दिसलं. आता ऱ्हात न्हाई हितं."

तिनं मला पिचिंगच्या टोकाला नेलं. बाभळीखाली सात दगड, शेंदूर लावलेले. आसरा, पाण्यातल्या देवी. दगडांभोवती माशांचे खवले, खेकड्याच्या नांग्यांचा चुरा आणि त्या जनावराची विष्ठा. वास उग्र. ती दिवसाचा पहिला मासा तिथं ठेवते. तिची सासू ठेवायची.

"आसरांचं कुत्रं हाय ते. त्यांचा निवद त्येच खातंय. मग कुणी का खाईना, ठेवायचं आपलं काम हाय."

"जाळं फाडत नाही?"

"फाडतंय की. चार ठिगळं हायत बघा. लेकरानं सदरा फाडला तर तुमी काय करता? शिवताच की न्हाई?"

पिचिंगच्या दगडांत एक कपार होती. तिनं मला वाकायला लावलं. आतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला, मग दुसरा.

"दोन पिल्लं हायत. अजून भायेर काढली न्हाईत. पंधरा दिसांत काढंल." मग ती माझ्याकडं वळली. "म्या कुणाला सांगितलं न्हाई. घरच्यांनाबी न्हाई. चन्नबसप्पाला कळलं तर डुकराचे बारूदाचे गोळे ठेवतोय त्यो. चावलं की थोबाड उडतंय जनावराचं. तुमी कुणाला सांगितलंव?"

चन्नबसप्पा म्हणजे तलावातल्या मासेमारीचा ठेकेदार. जनावर रोज किलोभर मासे खातं हे त्याला कळलं तर तो काय करेल, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती.

मी सांगितलं, एकशे चाळीस जणांना. नाव, वेळ, बाजू आणि पावलं.

गुणाबाई माघारी तराफ्याकडं गेली. तराफा पाण्यात ढकलला, वर बसली आणि म्हणाली, "लिहून सांगितलंव न्हवं? मग लिहूनच पुसा."

२९ डिसेंबर

झोप आली नाही म्हणून पहाटेच लिहितो.

दुसरा साक्षीदार मिळाला आहे. निघताना विष्ठेचा आणि खवल्यांचा फोटोही काढला, म्हातारीच्या नकळत. टाकला तर सोमेशला नोंद घ्यावीच लागेल. बावीस हसरे चेहरे काढून घ्यावे लागतील. जिल्ह्यातली पहिली नोंद, खाली माझं नाव. फोटो मोबाइलमध्ये तयार आहे. बोट ठेवायचं एवढंच बाकी आहे.

आणि पुसायचं म्हणजे काय? मी चुकलो असं लिहायचं. एकोणीस वर्षांत माझ्या पानावर तीन दुरुस्त्या आल्या. तिन्ही दुसऱ्यांच्या मजकुराच्या.

वनखात्याला कळवावं का? ते येतील, पंचनामा करतील. पंचनाम्याला गाव जमेल, गावात चन्नबसप्पाही असेल.

फोटो टाकला नाही. दुरुस्तीही टाकली नाही. ग्रुपवरचा मजकूर दहा दिवस जुना आहे, खाली गेला आहे. वर काढून कशाला वाचतंय कुणी. बघू.

२ जानेवारी २०२६

वाचलं कुणीतरी. मोबाइलवर चालणाऱ्या एका बातमीवाल्यानं दिलं आहे: "तलावात मगर? ग्रामस्थांत भीतीचं वातावरण." खाली माझा मजकूर, पावलांसकट. सूत्र म्हणून "ज्येष्ठ पत्रकार" असं लिहिलं आहे. मला एक फोनसुद्धा केला नाही. आमच्या वेळी असं चाललं नसतं, हे लिहिताना लक्षात आलं की मजकूर माझाच आहे.

बघू म्हटलं ती चूक झाली.

४ जानेवारी, रविवार

आज चन्नबसप्पा घरी आला. हे पहिल्यांदाच. पांढरा सदरा, कपाळाला भस्म, हातात पेढ्यांचा पुडा. कितीतरी दिवसांनी घरात कुणी आलं म्हणून मी दोन कप चहा ठेवला.

"सर, तुमचं पान मी वीस वर्षं वाचलंय," तो म्हणाला. "बाजारभाव आधी, मग तुमचं पान. तुम्ही छापलं म्हंजे झालेलंच असायचं."

मी म्हटलं, "माशांचा धंदा कसा चाललाय?"

"बरा हाय. मी खात न्हाई हं सर, आपल्यात चालत न्हाई. फक्त विकतो." मग तो पुढं सरकला. "ती मगर सोडा, ते पोरांचं खूळ. तुम्ही पाणमांजर लिहिलंय. लोक हसले म्हणे तुम्हाला. मी न्हाई हसलो. आठ महिने झाले, माल कमी निघतोय आणि जाळी फाटतेत. म्हातारी म्हणते खेकडे फाडतेत. मला तवाच शंका आली होती. तुम्ही एकदा तोंडानं सांगा, हाय का न्हाई?"

सोळा दिवस मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच. कुणीतरी समोर बसावं आणि म्हणावं, तुम्ही सांगितलंत ना, मग आहे. आता एक जण समोर बसला होता.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "पाणकावळा होता."

"पाणकावळा?"

"मान वर काढून पोहतो. उन्हाची तिरीप होती, चष्माही जुना आहे. मग पुन्हा दोन-तीनदा गेलो, नीट पाहिलं. पाणकावळाच."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नजर हलवली नाही. चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

"तुम्ही म्हणता म्हंजे विषय संपला," तो म्हणाला. "गोळे आणून ठेवले होते. ऱ्हाऊ दे, डुकराला होतील." दारात चप्पल घालताना थांबला. "तेवढं ग्रुपवर बदलून टाका की सर. पोरं वाचतेत आणि मला फोन करतेत."

तो गेल्यावर पेढे तसेच ठेवले. गोड खाववेना.

५ जानेवारी

सकाळी नऊ वाजता ग्रुपवर टाकलं:

"दुरुस्ती. १९ डिसेंबर रोजी पाणमांजर दिसल्याचं मी कळवलं होतं. तो पाणकावळा होता. पाहण्यात चूक झाली. दिलगीर आहे."

चार वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात "असण्याची शक्यता आहे" असं होतं, ते काढलं. विष्ठेचा फोटो पुसून टाकला. या डायरीतलं तलावाचं नाव खोडलं.

आता कुणी हसलं नाही, हात जोडल्याची चिन्हं आली. सोमेशनं स्वतंत्र निरोप पाठवला: "काका, होतं असं. वय झालं की होतंच. पंचवीस तारखेच्या पाणपक्षी गणनेत तुम्ही यादी करायची दगदग नका घेऊ. ते दुसरं कुणीतरी बघेल. तुम्ही नुसते या, चहा घ्या आमच्याबरोबर."

त्यानं चांगल्या मनानंच लिहिलं आहे. मी अंगठा पाठवला.

दिवसभर कुठं गेलो नाही.

६ जानेवारी

संध्याकाळी महानंदाचा फोन आला. मंगळवार होता. ती रविवारी करते.

"पाणकावळा?" ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"हं."

"तुम्हाला पाणकावळा ओळखू आला नाही?"

"वय झालं आता."

"वय माझंही झालंय. मला खरं सांगा."

मी सांगितलं. खडक, मासा, गुणाबाई, सात दगड, कपारीतल्या शिट्ट्या, चन्नबसप्पाचे पेढे. इतकं सलग मी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. मधे नातू रडला, तिनं त्याला कडेवर घेतलं असावं, आवाज हलला. पण फोन ठेवला नाही.

"डोकं चपटं?"

"हो."

"आणि बुडताना शेपूट सगळ्यात शेवटी वर येते. जाड असते."

"मनगटाएवढी."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुझी निळी वही मी शोधत होतो."

"माझ्याकडं आहे."

"त्यातली ती ओळ..."

"आहे. रेघही आहे. तुमचं अक्षरही आहे समासात."

मला दैनिकातल्या टेबलावरचं आठवलं. चुकून खोडलेला मजकूर परत घ्यायचा असला की त्याच्याखाली टिंबं द्यायची, म्हणजे खिळे लावणाऱ्या जुळाऱ्याला कळायचं की हे राहू द्या. मी तिला ते सांगितलं. म्हटलं, "त्या ओळीखाली टिंबं दे. म्हणजे खोडलेलं परत आलं असं होतं."

"मी नाही देणार," ती म्हणाली. "रेघ तुमची आहे. टिंबं तुम्हीच द्या."

मी म्हटलं, वही तर तिकडं आहे. त्यावर तिनं नांदेडहून लातूरला येणारी दुपारची गाडी अजून अहमदपूरवरूनच जाते का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं. ऋतुजाला या शनिवारी-रविवारी सुट्टी आहे, असंही म्हणाली. ते कशासाठी सांगितलं ते कळलं नाही. मग नातवाला भरवायचं म्हणून तिनं फोन ठेवला.

९ जानेवारी, शुक्रवार

आज तलावावर जाऊन आलो. गुणाबाईला सांगितलं, लिहून पुसलं. तिनं विचारलं, "लोक काय म्हनले?" मी म्हटलं, म्हातारा झाला म्हणाले. ती दात नसलेल्या तोंडानं हसली. "मग काय खोटं हाय त्यात?"

मादी कालपासून कपारीच्या तोंडाशी येऊन परत आत जाते आहे. गुणाबाईच्या मते रविवारी उजाडताना पिल्लं पाण्यावर येतील. तिनं मला आसरांच्या दगडांपासून वीस हात लांब, बाभळीच्या आडोशाला जागा दाखवली. मी विचारलं, दोघं बसली तर चालेल का. ती म्हणाली, "दुसरं कोन?" मी म्हटलं, अजून नक्की नाही. "आलं तर बोलू नगा म्हनावं," ती म्हणाली.

घरी येऊन थर्मास धुतला. दुसरा कप माळ्यावर होता, तो काढला. दुर्बिणीचा पट्टा माझ्या मापानं आवळलेला होता, तो सैल केला. शाल उन्हात टाकली.

उद्या संध्याकाळी साडेसहाला नांदेडची गाडी लातूर बसस्थानकावर येते, असं चौकशीच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं. मी सहाला जाऊन थांबेन. महानंदा त्या गाडीनं येणार आहे, याला पुष्टी नाही. लाल पेन खिशात ठेवलं आहे.